माझे कान चांगलेच आहेत

७ जानेवारी, मंगळवार

आजपासून लिहून राहिली. रामदासपेठेतल्या कानाच्या दवाखान्यातली नूपुर मॅडम म्हणे, काकू, मशीन घातल्यावर काय वाटलं ते रोज लिहा. लिहीन. तिले दाखवीनच असं नाही. चौथी शिकली मी. माझं अक्षर मले लागते, बस झालं.

पहिली गोष्ट. माझे कान चांगले आहेत. लोकच आजकाल पुटपुटतात. तोंड उघडाचा आळस. माहेरी माग, सासरी माग, जलमभर खटखट. त्याच्यावरून बोलाचं म्हणजे छातीतून बोला लागे. माग गेले तसा लोकायचा आवाजही गेला.

पण माझ्या पोरीले, रुचिकाले, वाटते आई बहिरी. सदर भागात ऑफिसले जाते, पगार येते, त्यातून मशीन आणलं. दोन आहेत, शेंगदाण्याएवढे. कानाच्या आत जाऊन बसते, बाहेरून कोणाले दिसत नाही. उजव्याले लाल ठिपका, डाव्याले निळा. मॅडम म्हणे मागाच्या आवाजानं कान गेले. मी म्हणलं मागानं घर चाललं. ती हसली. चांगली पोट्टी आहे, पण हळू बोलते.

घालून बाहेर आली तं रस्ता अंगावरच आला. चपला, हॉर्न, कोणाचा खोकला. प्लास्टिकची पिशवी इतकी बोलते हे मले माहीत नव्हतं. ऑटोत बसल्या बसल्या काढून पर्समधे टाकलं.

८ जानेवारी

मॅडमचे नियम. रात्री मशीन काढून डबीत ठेवा, डबीत ओल पिणारी गोळी आहे. बॅटरीचं झाकण उघडं ठेवा. पाणी नको, तेल नको, पावडर नको. रोज ब्रशनं झाडा. नवी बॅटरी घालताना पिवळा स्टिकर काढा, मिनिटभर हवा लागू द्या, मंग घाला.

इतकं तं आमचं लेकरूही लाडानं वाढवलं नाही.

मी सोपं केलं. सगळ्या बॅटऱ्यायचे स्टिकर आजच काढून बशीत ठेवल्या. रोज मिनिट मिनिट कोण उभं राहील. खा म्हणा किती हवा खाता ते. डबीही नको, अंधारात सापडत नाही. देवाजवळच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. कोरडं असते, अन् तिथं कोणी हात लावत नाही.

९ जानेवारी, संध्याकाळ

आज घरात घातलं. बरं झालं घातलं.

भैयाजीले म्हणलं, पाणी भरून ठेवा. भैयाजी म्हणजे माझा नवरा, गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहे. अख्खी गल्ली भैयाजी म्हणते म्हणून मीही म्हणते. ते हो म्हणाले. मंग पाठ फिरवून म्हणाले, जो हुकूम सरकार.

मले वाटे गरीब माणूस, बोलत नाही. हा तं इतकी वर्षं बोलूनच राहिला होता.

त्याच्यापुढचं ऐका. मी मधात बसून वटाणे सोलून राहिली. इकडे बाप, तिकडे पोरगी, अन् माझ्या डोक्यावरून दोघायचं बोलणं चालू. चोरून नाही. चांगलं मोकळ्या आवाजात, जशी मी तिथं नाहीच. रुचिका म्हणे बाबा, विक्रम विचारून राहिला घरी कधी येऊ. भैयाजी म्हणे थांब जरा, तुझ्या मायले सांगाचं म्हणजे साधं काम आहे का.

विक्रम म्हणजे कोण तं कोराडीच्या वीज कारखान्यात आहे, तिथंच कॉलनीत राहते. आपल्यातला नाही. आडनावावरून कारकुनाचं खानदान वाटते. आई यमुताई, बाप गिरिधर. इतकं सगळं मले वटाण्याच्या एका टोपल्यात कळलं.

मी मान डोलवली. मागावरची सवय आहे ती. हात गुंतलेले, पाय गुंतलेले, त्यात कोणी काही बोललं तं आधी मान डोलवाची. माग थांबला की विचारा, काय म्हणत होती वं. आता माग नाही, पण मान राहिली. लोकही खूश होतात.

पक्कं ठरवलं. उद्या सांगते मशीन टोचते, बंद करून ठेवलं. अन् स्कार्फाखाली घालून बसते. काय काय शिजून राहिलं ते सगळं ऐकते, मंग एकाच दिवशी भांडं फोडते.

१० जानेवारी

सांगितलं टोचते. रुचिकाचं तोंड उतरलं. उतरू दे.

माझ्याकडे स्थळ आहे. उमरेडच्या सिंधूताईचा हेमराज. आपल्यातले, हार्डवेअरचं दुकान, घरात विहीर. माझ्या मावसबहिणीनं सुचवलं, मी अजून कोणाले पाहिलं नाही. फोटो पाठवते म्हणे. मी म्हणलं फोटो कशाले. माणूस समोर आला की मी पायापासून ओळखते.

१२ जानेवारी, रविवार

थंडी बम आहे. स्कार्फ कानावरून घट्ट बांधला तं कानात शिटी वाजाले लागली. बारीक, लांब. रुचिकानं भैयाजीकडे पाहिलं. भैयाजीनं रुचिकाकडे पाहिलं. मी म्हणलं, गल्लीतला कोणी पोट्टा शिट्या मारते, दारं लावा. दोघायनं लगेच दारं लावली. काही संशय नाही.

मंग सैपाकघरात गेली, तं बाहेर दोघं माझ्याविषयीच बोलत होते. भैयाजी म्हणे, तुझी आई जिभेनं तिखट आहे, पण मनानं सोनं. रुचिका म्हणे, हो ना बाबा, आईसारखं कोणी नाही. चांगल्या मोठ्यानं बोलत होते, एकेक शब्द वेगळा.

माणसाची किंमत त्याच्या माघारीच कळते. मशीन वसूल झालं.

१५ जानेवारी

रोज काही ना काही कळते. मी सैपाकघरात गेली की हे सुरू होतात. आज कळलं, विक्रमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पोरानं महिनाभर पोळ्या केल्या. काल कळलं, दारू नाही, खर्रा नाही. परवा कळलं, सासू-सुनेनं वेगळं राहावं अशी त्याच्या आईचीच इच्छा.

पोरगा वाईट नसेल. पण कोराडी. साडी वाळत घातली की राखेची बुटी फुकटात. अन् आपल्यातला नाही, आपला तिखटजाळ सावजी रस्सा पाहूनच पळून जाईल.

यायले वाटते मले ऐकू येत नाही. किती भोळे आहेत.

१८ जानेवारी

आज माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या बाया आल्या. समोरची भारती माझ्या हाताखाली होती. तिनं करंड्यात बोट घातलं अन् बाहेर काढलं लाल झालेलं मशीन. म्हणे काहून वं अनुसया, कुंकवात शेंगदाणे ठेवते का?

सगळ्या बाया पाहून राहिल्या. मी म्हणलं, वाण आहे. यावर्षीचं वाण. अजून सगळ्यायचे आले नाहीत, आले की वाटीन.

आता वीसेक बाया वाणाची वाट पाहून राहिल्या.

ब्रशनं झाडलं, पुसलं, फुंकलं. पूर्ण निघालं नाही. घातलं तं आवाज जरा लाल येऊन राहिला. कानही लाल. भैयाजी म्हणे कान काहून लाल. मी म्हणलं थंडी.

२१ जानेवारी

उमरेडले फोन कराचा होता. फोन कानाले लावला की शिटी वाजते. फोनातच खोट आहे. म्हणून भैयाजीले सांगितलं, सिंधूताईले फोन लावा, दोन फेब्रुवारीले वसंतपंचमी आहे, रविवारही आहे, पोराले घेऊन या म्हणा. अन् रुचिकाले सांगू नका.

भैयाजीनं माझ्याकडे लय वेळ पाहिलं. म्हणे, अवं, तिले एकदा विचारून तं पाहा. मी म्हणलं, विचाराचं काय त्यात, माय कोण आहे. ते अंगणात गेले, फोनवर बरंच बोलले. आले अन् म्हणाले, येतात पाहुणे, चार वाजता.

तोंडातल्या तोंडात काही म्हणाले नाही. धाक बसला.

२६ जानेवारी

घर कसं शांत शांत झालं. भांडी वाजत नाहीत. पंखा कुरकुरत नाही. भैयाजीचं पुटपुटणं बंद. नळही हळू येते. मी एकटीनं घराले शिस्त लावली.

बशीतली बॅटरी बदलली. तरीही शांतच. म्हणजे बॅटरीचा प्रश्न नाही, शिस्तच आहे.

३० जानेवारी

रुचिका म्हणे, आई, नूपुर मॅडमकडे जाऊन ये, मशीन साफ करून देते. हे तिनं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हातवारे करून. मी म्हणलं, वापरतच नाही तं साफ काय कराचं.

माझा रविवारचा बेत तिले माहीत नाही. बिचारी.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या मोठा दिवस. तयारी पूर्ण. पाटोडीचा रस्सा, पेढे, नारळ, द्याले साडी काढून ठेवली. केसाले मेंदी लावली. उद्या एकेक शब्द ऐकू आला पाहिजेन म्हणून लसूण घालून तेल तापवलं अन् दोन्ही कानात टाकलं. आईच्या हातचा उपाय आहे, दिवाळीले अख्ख्या घराच्या कानात पडे. मॅडम तेल नको म्हणे, पण मॅडमचं वय काय.

तेल जिरलं की लगेच मशीन बसवलं. सर्रकन गेलं आत. आजवर इतकं चांगलं कधीच गेलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, सकाळ

रुचिका न्हाऊन आली अन् माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या जवळ लहानपणीनंतर बसली नव्हती. माझा हात हातात घेतला अन् बोलाले लागली. हळू हळू, खाली पाहून. ओठही दिसू देईना, नाही तं मी ओठ वाचते. बरंच बोलली. डोळे भरून आले तिचे. मंग वर पाहिलं अन् थांबली.

मी मान डोलवली. म्हणलं, हो बाई, हो.

तं तिनं गळ्यातच मिठी मारली. कानात शिटी वाजाले पाहिजेन होती, वाजली नाही. मशीन सुधारलं.

ऑफिसातलं काही असेल. पोरी हळव्या असतात. पाहुणे येऊन गेले की निवांत विचारीन.

२ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी

जमलं. जमवलं मी.

चार वाजता बरोबर आले. नवरा, बायको, पोरगा. सिंधूताई काठी टेकत आल्या. त्यांचाही गुडघा गेलेला दिसते, आजकाल सगळ्यायचेच गुडघे. बाई हळू बोलतात, चांगल्या घरच्या. मी मान डोलवत राहिली, त्याही डोलवत राहिल्या. आमचं पहिल्या भेटीतच पटलं.

पोरगा लय लायक. वाकून पाया पडला, नुसता गुडघ्याले हात लावून नाही. पाटोडीचा रस्सा वाढला तं पहिल्याच घासाले डोळ्यातून पाणी. उमरेडचा असून तिखटाची सवय नाही, नवल वाटलं. पण पोरगं हटलं नाही. पाणी पुसलं अन् म्हणे आणखी वाढा. म्हणजे वाटी पुढे केली, ते मी समजली. तिथंच मी पास केलं.

उठली. सिंधूताईले कुंकू लावलं, साडी दिली, ओटीत नारळ घातला. पोराच्या तोंडात पेढा कोंबला. अन् सगळ्यायपुढे छातीतून सांगितलं, मले पोरगा पसंत आहे, कोणी काही म्हणो. माझा शब्द बदलत नसते. जे काही आहे ते सगळं मी ऐकलं आहे, मले सगळं माहीत आहे.

सगळे उभेच राहिले. सिंधूताई रडाले लागल्या. रुचिकाही रडली, अन् हसली. भैयाजीनं चष्मा काढून पुसला. उमरेडच्या पाहुण्यासाठी इतकं रडाचं कारण काय? पण पोरगी तयार झाली हे मुख्य. कोराडीचं नावही कोणी काढलं नाही. एका दिवसात भूत उतरवलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

उजव्या कानात ठणकलं म्हणून भैयाजी रामदासपेठेत घेऊन गेले. नूपुर मॅडमनं आधी कान साफ करवला, मंग भिंगातून मशीन पाहिलं अन् भिंग खाली ठेवलं. म्हणे काकू, यात तेल आहे. अन् लाल काय आहे? मी म्हणलं, देवाचं आहे. म्हणे बॅटऱ्या? मी बशीतल्या पर्समधून काढून दाखवल्या. म्हणे स्टिकर एकदम सगळे काढले का? हवा लागली की बॅटरी सुरू होते, काकू. वापरा नाही तं नका वापरू, ती संपतच जाते. या सगळ्या मेल्या आहेत. हे मशीन पंधरवड्यापासून बंदच असेल.

मी म्हणलं, तुमचे नियम कागदावर बारीक अक्षरात आहेत.

तिनं छोटी जाळी बदलली, नवी बॅटरी घातली, कानात बसवलं. पंखा कुरकुरला. बाहेर कोणी कपबशी आपटली.

ऑटोत भैयाजीचा फोन वाजला. मी खिडकीतून बाहेर पाहून राहिली. ते म्हणे, हो यमुताई, पोचल्या का कोराडीले नीट? गुडघा कसा आहे? नाही हो, तिखट तं आमच्याकडे असतेच. विक्रमले म्हणा हळूहळू सवय होईल. हो, उमरेडवाल्यायले मी तेव्हाच नाही म्हणून कळवलं होतं. नाही नाही, अनुसयेचा विरोध कुठं होता. ती तं रोज ऐकून राहिली होती, स्कार्फाखाली मशीन घालून. आम्हीही मंग तिले ऐकू येईल असंच बोलत होतो.

ऑटो सिग्नलले थांबला.

आता बोलणार काय? नव्हतं ऐकू आलं म्हणलं तं मशीन बंद होतं हे कबूल करा लागते. पंधरवड्याची शिस्त, ती शांतता, सगळंच जाते. अन् सगळ्यायपुढे म्हणून बसली, सगळं ऐकलं आहे, शब्द बदलत नसते.

साडीही चांगल्यातली दिली.

घरी आल्यावर भैयाजी म्हणे, चहा टाकू का? मी म्हणलं टाका. पाठ फिरवून काही पुटपुटले. ऐकलं मी. सुखी ठेव बापा हिले, असं काही म्हणाले. हे देवाले म्हणाले का अजून कोणाले ते विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट डोक्शातून जाऊन नाही राहिली. परवा सकाळी रुचिका हात धरून काय बोलली? लग्नाचंच असेल ते आता समजलं. पण काय? कोणाले विचारू? भैयाजीले विचारलं तं पकडली जाते. तिले विचारलं तरी पकडली जाते.

सकाळभर विचार करून डोकं चालवलं. दारात उन्हाले बसून मशीन साफ करून राहिली होती. मॅडमनं सांगितलं तसंच, कोरडं कापड, ब्रश, समोर डबी. रुचिका ऑफिसले निघाली. मी तिचा हात धरला. म्हणलं, पोरी, परवा जे बोलली ना, ते पुन्हा एकदा बोल. मले ऐकाले लय चांगलं वाटलं होतं.

ती माझ्याकडे पाहून राहिली. मंग खाली पाहिलं. डबीत दोन्ही मशीनं, लाल इकडे, निळं तिकडे. कान दोन्ही रिकामे.

मंग माझ्याकडे पाहून तिचा चेहरा असा झाला की परवाही मले काही ऐकू आलं नव्हतं हे तिले समजलं.

तिनं पर्स खाली ठेवली, माझ्यासमोर उकिडवी बसली, अन् चालू मागावरून बोलतात तशी, छातीतून बोलली. माझीच पोरगी आहे. म्हणे, आई, मी म्हणलं होतं, विक्रमशी मले लग्न कराचं आहे. पण तू नाही म्हणशील तं नाही करणार. तुझ्या एका शब्दावर आहे. तं आता ऐकू आलं का, अन् आता सांग.

समोर भारतीनं खिडकी उघडली. कोपऱ्यावर रामाजीच्या पानठेल्यावरची माणसं वळली. भैयाजी हातात दाढीचा ब्रश घेऊन आतून आले, अर्ध्या गालाले साबण. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे पाहून राहिली.

म्हणजे माझा एक शब्द, ज्याच्यासाठी मी महिनाभर स्कार्फ बांधून बसली, तो पोरीनं आपणहून माझ्या हातात आणून दिला होता. अन् मी मान डोलवली होती.

तिचे डोळे परवासारखेच भरले होते. पोरगं रस्सा खाताना हटलं नव्हतं, ते आठवलं.

मी म्हणलं, हो म्हणलं ना मी परवा. एक गोष्ट किती वेळा सांगाची? अन् ओरडते काहून एवढी, माझे कान चांगले आहेत.

भारती खिडकीतून म्हणे, अनुसया, वाण मिळालं वाटते.

तिच्याकडे लक्ष न देता डबीतून दोन्ही मशीनं काढली अन् सगळ्यायच्या देखत कानात घातली. घाईत लाल डावीकडे गेलं, निळं उजवीकडे. जोरात शिटी वाजली, पार पानठेल्यापर्यंत गेली.

या बारीले मी गल्लीतल्या कोण्या पोट्ट्याचं नाव घेतलं नाही.